न्यूयॉर्कची बॅग आणि आयोवाची बॅग

‘अमेरिकेला जाताना काय न्यावं’ ही यादी घरोघरी फिरते, पण ती बहुतेक वेळा एकाच गावच्या अनुभवावर लिहिलेली असते. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडजवळ राहणाऱ्याने केलेली यादी आयोवातल्या एम्सला निघालेल्या मुलीच्या उपयोगाची नाही. पुण्याहून कमिन्समध्ये इंडियानातल्या कोलंबसला किंवा जॉन डीअरमध्ये इलिनॉयमधल्या मोलीनला जाणाऱ्यांनाही हेच लागू. म्हणून बॅग नंतर, आधी गाव.

नकाशा उघडा. राहायचं ठिकाण आणि ऑफिस किंवा कॉलेज टाकून दोन वेळांचा बसमार्ग पाहा, सोमवारी सकाळी आठचा आणि रविवारी रात्री आठचा. न्यूयॉर्कची सबवे रात्रभर चालते, शिकागोतही रेड आणि ब्लू लाइन चोवीस तास असतात. मध्यपश्चिमेतल्या (मिडवेस्ट, म्हणजे आयोवा, इलिनॉय, इंडियाना वगैरे राज्यांतल्या) कॉलेजगावांत सोमवारची बस उत्तम असते. एम्सची सायराइड, इलिनॉयमधल्या अर्बाना-शॅम्पेनची एमटीडी या बससेवांत विद्यार्थ्यांना वेगळं तिकीट लागत नाही. पण रविवारी आणि सुट्टीच्या आठवड्यांत फेऱ्या कमी होतात. कंपनीच्या गावात तर गाडी धरूनच पैशांचं गणित मांडा.

गाडी लागणार असेल तर निघण्याआधी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. फी १,००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, आणि सोबत मूळ लायसन्स हवंच. तिथे राहायला लागल्यावर किती दिवसांत स्थानिक लायसन्स घ्यायचं, हे प्रत्येक राज्याचं वेगळं असतं. ते त्या राज्याच्या सरकारी संकेतस्थळावरच वाचा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. इथून गेलेल्यांच्या चुका साधारण ठरलेल्या असतात. चारही बाजूंना स्टॉपची पाटी असलेल्या चौकात पूर्ण न थांबणं ही एक. दुसरी जास्त गंभीर: पिवळ्या स्कूल बसचे लाल दिवे लुकलुकत असताना पुढे जाणं. दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यावर समोरून येणाऱ्यानेही थांबायचं असतं. हिवाळ्याआधी काच धुण्याच्या टाकीतलं पाणी काढून उणे २९ अंशांपर्यंत न गोठणारा द्रव भरा. साधं पाणी गोठतं आणि टाकी तडकते. बर्फ खरवडायची पट्टी, छोटं फावडं आणि ब्लँकेट गाडीतच ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात, तेव्हा वेग कमी ठेवा.

घराच्या बाबतीत न्यूयॉर्कची अडचण कागदांची असते. घरमालक साधारणपणे महिन्याच्या भाड्याच्या ४० पट वार्षिक उत्पन्न मागतात. तेवढं नसेल तर ८० पट उत्पन्नाचा जामीनदार लागतो, आणि नव्याने आलेल्याकडे क्रेडिटचा, म्हणजे तिथल्या कर्जफेडीचा, इतिहासही नसतो. म्हणून पहिलं वर्ष बहुतेक जण आधीच्या भाडेकरूंसोबत खोली वाटून घेतात. कॉलेजगावांत अडचण तारखांची असते. करार जुलैअखेर संपतात आणि नवे ऑगस्टमध्ये सुरू होतात, मधले काही दिवस घर कोणाचंच नसतं. विमानाचं तिकीट काढण्याआधी कराराची पहिली तारीख पाहा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवस आधीपर्यंतच प्रवेश मिळतो, तेही याच हिशेबात धरा.

घर उबदार ठेवण्याचा खर्च मात्र जवळजवळ सगळेच विसरतात. न्यूयॉर्कमध्ये १ ऑक्टोबर ते ३१ मे हा हीटिंगचा हंगाम कायद्याने ठरलेला आहे. त्या काळात बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की दिवसा घरात किमान ६८, म्हणजे २० अंश सेल्सिअस, राखणं घरमालकाचं काम. मध्यपश्चिमेत बऱ्याचदा हे बिल भाडेकरूच भरतो. म्हणून करारावर सही करण्याआधी घरमालकाला दोन प्रश्न लेखी विचारा: हीटिंग गॅसवर आहे की विजेवर, आणि गेल्या जानेवारीचं बिल किती आलं होतं? विजेवरच्या हीटिंगमुळे स्वस्त वाटलेलं घर महाग पडू शकतं. डिसेंबरमध्ये भारतात येताना हीटिंग बंद करू नका, १३ अंशांवर ठेवा. बंद केलं तर भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटतात आणि नुकसानभरपाई तुमच्याकडे मागितली जाऊ शकते.

थंडीचे जाड कपडे इथून घेऊ नका. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोत पारा उणे ३०.६ अंशांवर उतरला होता. आपल्याकडची जाकिटं अशा थंडीसाठी शिवलेलीच नसतात. थर्मलचे दोन जोड न्या, बाकी कोट आणि बूट तिथे पोचल्यावर घ्या. आतला थर सुती नको, कारण सूत घाम धरून ठेवतं आणि ओलं अंग लवकर गारठतं. न्यूयॉर्कमध्ये पायी चालणं खूप, चौकाचौकांत वितळलेल्या बर्फाचा चिखल, त्यामुळे तिथे कोटापेक्षा पाणी न शिरणारे बूट महत्त्वाचे. एम्सच्या बसथांब्यावर वारा अडवायला काही नसतं. तिथे कान झाकणारी टोपी आणि बोटं एकत्र ठेवणारे हातमोजे आधी घ्या.

स्वयंपाकघराचं सामानही गावावरच ठरतं. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्स या भारतीय दुकानांच्या भागाजवळ राहणार असाल तर किराणा जवळजवळ काहीच नेऊ नका. अर्बाना-शॅम्पेनहून भारतीय दुकानांची शिकागोची डेव्हॉन अव्हेन्यू दोनशे किलोमीटरहून जास्त लांब आहे. गावात छोटं भारतीय दुकान असलं तरी तिथे गोडा मसाला, मेतकूट, थालिपीठाची भाजणी मिळेलच असं नाही. हे तीन महिने पुरेल एवढं न्या. डाळ-तांदळावर वजन घालवू नका. सगळ्या पुड्या चेक-इन बॅगेत ठेवा. केबिन बॅगेत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असेल तर अमेरिकेच्या विमानात चढण्याआधी ती काढून घेतली जाऊ शकते. ताजा कढीपत्ता, आंबे, बियाणं नेऊच नका. खाण्याचं जे नेत असाल ते कस्टम्सच्या प्रश्नाला उत्तर देताना सांगून टाका. दडवलं तर दंड होतो.

इथला मिक्सर इथेच ठेवा. तिथे वीज १२० व्होल्टची असते, २३० व्होल्टची मोटर तिच्यावर नीट फिरत नाही आणि जळू शकते. तिथल्या विजेवर चालणारे, ‘११० व्होल्ट’ लिहिलेले भारतीय मिक्सर तिथे मिळतात. कुकर न्या, सोबत दोन गॅस्केट आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह. मध्यपश्चिमेतल्या भाड्याच्या घरांत बहुधा विजेच्या वेटोळ्याची शेगडी असते. ती बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, म्हणून शिट्ट्या झाल्या की कुकर बाजूला सरकवायचा, नाहीतर भात करपतो. गोल बुडाची कढई तिच्यावर बसत नाही, सपाट बुडाची घ्या. फोडणी देण्याआधी पंखा लावा आणि खिडकी उघडा, कारण धुराचा अलार्म मोहरी तडतडण्याच्या आतच वाजतो.

वसंतात मध्यपश्चिमेत वादळाचे भोंगे वाजतात. ‘वॉच’ म्हणजे टोर्नेडो, म्हणजे जमिनीवरचं सोंडेसारखं चक्रीवादळ, होण्याजोगी हवा, ‘वॉर्निंग’ म्हणजे ते दिसलेलं किंवा रडारवर टिपलेलं. वॉर्निंग आली की तळघरात, तळघर नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या बाथरूममध्ये जायचं. आपलं तळघर कुठे आहे हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवा.

दोन्हीकडे सारखीच लागणारी कामं थोडी आहेत. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या दोन डोसांच्या तारखा डॉक्टरांच्या सहीने घ्या. क्षयाची तपासणी मागितली तर रक्तावरची करून घ्या, कारण लहानपणीच्या बीसीजीमुळे त्वचेवरची चाचणी चुकीची पॉझिटिव्ह येऊ शकते. दात आणि चष्मा इथेच उरका. बँकेचे ओटीपी येत राहावेत म्हणून भारतातलं सिम विमानात बसण्याआधी रोमिंगवर टाका.

आणि घरच्या कॅलेंडरवर वेळ लिहून द्या. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा एम्समध्ये उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ असतात, तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेआठ. न्यूयॉर्क एक तास पुढे. इंडियानाचा बहुतेक भागही न्यूयॉर्कच्याच वेळेवर चालतो, त्यामुळे कोलंबसला फोन करताना शिकागोची वेळ धरू नका.