करार करताय? स्टॅम्प पेपरच्या आधी समोरचा माणूस बघा

आपल्याकडे करार म्हटलं की पहिला प्रश्न असतो स्टॅम्प कितीचा घ्यायचा. माझ्या एका मित्राने जुना लॅपटॉप कॉलेजातल्या एका पोराला हप्त्यावर दिला, स्टॅम्प पेपर, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, सगळं एकदम टापटीप, आणि दोन हप्ते आल्यावर पैसे बंद झाले तेव्हा कळलं की पोरगं सही करताना सतराचं होतं. झालं, कागद रद्दीत.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे, त्याचं कलम ११ आधी डोक्यात बसवा. करार करणारा सज्ञान पाहिजे म्हणजे १८ पूर्ण, त्याचं मन ठिकाणावर पाहिजे, आणि दुसऱ्या कुठल्या कायद्याने त्याला बंदी नसावी (दिवाळखोर ठरलेला माणूस वगैरे). यातलं एक जरी हुकलं तर बाकी कागद कितीही भारी असूदे, उपयोग नाही.

वयाचं जरा नीट सांगतो कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सगळ्यात वरचं अपील कोर्ट) मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या कलकत्त्याच्या केसमध्ये सांगून टाकलं की अज्ञान म्हणजे १८ च्या आतल्या मुलाचा करार मुळापासूनच रद्दबातल. त्या केसमध्ये पोराने २०,००० रुपयांचं गहाणखत करून दिलेलं, आणि सावकाराच्या माणसाला वय आधीच माहीत होतं म्हणून सावकाराचे दिलेले पैसेही परत मिळाले नाहीत. हे अजून चालतं. १८ पूर्ण झाल्यावर "जुना करार मला मान्य आहे" असं लिहून घेतलं तरी तो जिवंत होत नाही, नवा व्यवहार करून नवा करारच करावा लागतो. उलट बाजूने मात्र अज्ञान मुलाच्या फायद्याचा करार असेल, म्हणजे त्याने त्याच्या बाजूचे पैसे देऊन टाकलेत आणि आता फक्त घ्यायचं बाकी आहे, तर तो तुमच्यावर दावा लावू शकतो.

म्हणून करायचं काय, तर दाढीमिशी बघून अंदाज बांधू नका, जन्मतारखेचा पुरावा मागा, दहावीचं सर्टिफिकेट चालेल, आणि वय कमी निघालं तर आईबापांपैकी एकाला स्वतःच्या नावाने खरेदीदार म्हणून सही करायला सांगा. "पालक म्हणून सही" यावर समाधान मानू नका. जमीन किंवा फ्लॅट अज्ञान मुलाच्या नावावर असेल तर हिंदू कुटुंबात पालकाला विकायच्या आधी कोर्टाची परवानगी लागते, ती ऑर्डर बघितल्याशिवाय टोकनही देऊ नका.

मन ठिकाणावर असणं हे त्या क्षणापुरतं बघतात. एरवी आजारी असलेला माणूस शुद्धीत असताना करार करू शकतो, आणि एरवी ठणठणीत असलेला माणूस तापात बरळत असेल किंवा अटी कळणार नाहीत इतका प्यालेला असेल तर नाही करू शकत, हे उदाहरण खुद्द कायद्यातच दिलंय. म्हातारं असणं म्हणजे अपात्र असणं नव्हे, पण ऐंशीच्या आजोबांकडून त्यांना सांभाळणाऱ्याच पुतण्याने सही घेतली तर उद्या दबावाचा मुद्दा निघणारच, आणि दबावाखालचा करार त्यांना रद्द करून घेता येतो. अशा वेळी त्याच दिवसाचं डॉक्टरचं सर्टिफिकेट घ्या, कागद त्यांना कळेल अशा भाषेत वाचून दाखवा, आणि ज्याचा फायदा आहे त्याला खोलीबाहेर बसवा.

कंपनीशी करार असेल तर सही करणाऱ्याला अधिकार आहे का ते बघा, बोर्डाच्या ठरावाची कॉपी मागायला लाजू नका.

आता अटी. "नोकरी सोडल्यावर २ वर्षं दुसऱ्या कॉम्पिटिटरकडे जायचं नाही" ही अट याच कायद्याच्या कलम २७ मुळे टिकत नाही, एचआर कितीही घाबरवूदे. पण ठराविक काळ नोकरी करण्याचा बाँड वेगळा, २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा ३ वर्षांचा २ लाखांचा बाँड योग्य ठरवलाय, तेव्हा सगळे बाँड फालतू असतात या भ्रमात राहू नका. आणि दंडाची रक्कम करारात कितीही मोठी लिहा, कोर्ट वाजवी भरपाईच देतं, लिहिलेल्या आकड्याच्या आत.

नोटरी म्हणजे रजिस्ट्रेशन नाही हे पण एकदा क्लिअर करतो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स म्हणजे घरभाड्याचा करार ११ महिन्यांचा असला तरी रजिस्टर करावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची.

तोंडी करारही बहुतेक वेळा चालतो, फक्त सिद्ध करताना घाम फुटतो, म्हणून बोलणं झालं की व्हॉट्सअॅपवर "ठरल्याप्रमाणे अमुक रक्कम अमुक तारखेला" असं टाकून समोरून "हो" घ्या, चॅट डिलीट करू नका. उधारीच्या पैशाला साधारण ३ वर्षांची मुदत असते, ती संपायच्या आत "इतके देणं आहे" असं सहीनिशी लिहून घेतलं तर मुदत नव्याने सुरू होते.

आणि तो लॅपटॉप? करार रद्द असला तरी वस्तू पोराकडेच असेल तर कोर्ट ती परत द्यायला सांगू शकतं, हे वकिलाकडून ऐकल्यावर मित्र सरळ पोराच्या वडिलांना भेटला आणि घेऊन आला. चार्जर मात्र अजून आलेला नाही.