जिप्सीला झुलता स्टेपनी कॅरियर आणि मागचा लाइट: पिन आणि बेअरिंग नीट झाली तरच बाकीचं

जिप्सीला मोठे टायर टाकले की स्टेपनी मागच्या दारावर ठेवू नका, हे आधीच सांगतो. कंपनीचं दार कंपनीच्या टायरसाठी आहे. माझं २३५/७५ आर १५ चं टायर लोखंडी डिस्कसकट २६ किलो भरलं आणि ते एक पावसाळा दारावर ठेवल्यावर स्टेपनीच्या बोल्टभोवती पत्र्याला केसासारखी चीर आली, दार बंद करताना वर उचलून ढकलावं लागायला लागलं. दाराच्या आतून पट्टी मारून घे असं चार जण सांगतात, पट्टीने पत्रा वाचतो पण बिजागरी तीच राहते. स्टेपनीचं वजन चॅसिसवर गेलं पाहिजे, म्हणजे चॅसिसला बोल्ट केलेला जाड मागचा बंपर आणि त्यावर दारासारखा उघडणारा वेगळा हात.

बंपर कोणीही चांगला फॅब्रिकेटर करून देईल. हातासाठी ५० बाय ५० चा ३ मिमी चौकोनी पाईप पुरतो, त्याहून जाड घेतला तर मजबुती थोडीच वाढते, वजनच जास्त वाढतं. टायर लावायच्या प्लेटवर ५ भोकांचं १३९.७ मिमी पीसीडी (भोकांच्या मधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास), बोल्ट १२ मिमी १.२५ पिचचे, त्यातले तीन लावले तरी टायर हलत नाही. जिम्नीचं पीसीडीही हेच आहे.

आता पिन, म्हणजे ज्याच्यावर हात फिरतो तो उभा दांडा. माझा पहिला कॅरियर इथेच फसला. वेल्डरने फाटकाला लावतात त्या बुलेट बिजागऱ्या लावल्या, "गेट दोनशे किलोचं असतं साहेब, हे काय" असं म्हणाला आणि मलाही पटलं. पण गेट खड्ड्यातून उडत नाही. चार महिन्यांत हाताचं टोक बोटभर खाली आलं, कडी अर्धीच बसायला लागली, आणि गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना ती सुटून सगळा हात टायरसकट बाहेर फिरला. मागे गाडी नव्हती म्हणून निभावलं. तो आवाज अजून कानात आहे.

म्हणून हिशोब करा, सोपा आहे. टायर २६ किलो, पिनेपासून टायरचा मध्य ६० सेंटिमीटर, हाताचं स्वतःचं १० किलो, ते साधारण ४५ सेंटिमीटरवर. हे सगळं मिळून पिनेला एक मीटरवर २० किलो लटकवल्यासारखं होतं. वरच्या आणि खालच्या बेअरिंगमधे १० सेंटिमीटर अंतर असेल तर वरच्याला २०० किलोची ओढ आणि खालच्याला तेवढाच रेटा, गाडी नुसती उभी असताना. खड्ड्यात तिप्पट धरा, ६०० झाले. अंतर १५ सेंटिमीटर केलं की तेच ४०० वर येतं. जाड पिन घ्या जाड पिन घ्या असं सगळे सांगतात, पण बेअरिंगमधलं अंतर वाढवा हे कोणी सांगत नाही आणि खरा फरक त्यानेच पडतो.

मी ३० मिमीची ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) ची पिन आणि ३०२०६ नंबरची दोन टेपर बेअरिंग वापरतो, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात. पितळी बुशने पण चालतं, पण कोकणातल्या लाल मातीत आणि पावसात दर महिन्याला ग्रीस मारायची तयारी असेल तरच. टेपर बेअरिंगची बारीक तोंडं आत एकमेकांकडे, चाकाच्या हबमधे असतात तशी. वरून कॅसल नट (डोक्यावर खाचा असलेला), हात किंचित जड फिरेल इतका आवळायचा आणि तो सुटू नये म्हणून खाचेतून स्प्लिट पिन. दोन्हीकडे ऑइल सील आणि मधे एक ग्रीस निपल.

माझा दुसरा कॅरियर वेल्डिंगमुळे गेला. बेअरिंग ज्या नळीत बसतं ती नळी आधी बोअर करून (आतून मापात कातून) मग हाताला वेल्ड केली तर उष्णतेने ती अंडाकृती होते. माझी झाली. बाहेरून ६२ मिमीचं बेअरिंग एका बाजूने जाईना, हातोडीने ठोकलं, बसलं, आणि दोन हजार किलोमीटरमधे खडखडायला लागलं. आता मी असं करतो की टर्नरला नळीचा बोअर आधी ६१ वरच ठेवायला सांगतो, मग नळीला फक्त ३० सेंटिमीटरचा पाईपचा तुकडा पूर्ण वेल्ड करून घेतो, गार होऊ देतो, पाणी ओतायचं नाही, आणि तो तुकडा लागलेलाच परत लेथवर चढवून ६२ चं फिनिशिंग. अख्खा हात लेथवर फिरत नाही, तुकडा फिरतो. नंतर त्या तुकड्यावर मुख्य पाईप जोडायचा, म्हणजे शेवटचं वेल्डिंग बेअरिंगपासून फूटभर लांब राहतं. आमच्या उद्यमनगरात टर्नर लोक आधी कुरकुर करतात, दोनदा सेटिंग करावं लागतं म्हणून. दोनदाचे पैसे द्या पण ही पायरी सोडू नका.

पिन बंपरमधे नुसती वर चिकटवायची नाही, बंपरच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही पत्र्यांतून आरपार घालून दोन्हीकडे वेल्ड. ईएन ८ ला आधी गरम करून घ्या, थंडीवर वेल्ड केलं तर शेजारून तडकते. आणि पिन ओळंब्यात हवी, दोन्ही दिशांनी. गाडी सपाट फरशीवर, हवा सारखी. पिन वीतभर असते, त्यावर १ मिमीचा कल दिसतच नाही, म्हणून तिच्यावर मीटरभर लांबीचा सरळ पाईप चढवा आणि त्याच्या टोकाशी ओळंबा धरा, तिथे तोच कल ५ मिमी दिसतो. वेल्डचे चार टॅक (छोटे ठिपके) समोरासमोर, परत तपासा, मग पूर्ण वेल्ड. कल राहिला तर हात आपोआप मिटतो आणि बोटं सापडतात.

बंद झाल्यावर हात हवेत लोंबकळू देऊ नका. दुसऱ्या टोकाला बंपरवर नायलॉनचा उतरता ठोकळा लावा, हात त्यावर चढून ३ मिमी उचलला गेला पाहिजे, म्हणजे चालताना वजन दोन्ही टोकांना वाटलं जातं. कडीचं काम फक्त धरून ठेवायचं, वजन पेलायचं नाही. टॉगल क्लॅम्प (दांडी दाबली की आवळून बसणारी कडी) घ्या आणि वर सुरक्षेची पिन घाला. उघड्या स्थितीत अडकवायला पण एक खटका करा.

आता गाडी उभी असताना मागे उजेड पाडायचा लाइट. तो लोक टायरच्या वर उंच दांड्यावर लावतात, तो दांडा थरथरून मुळाशी तुटतो. मी डिस्कच्या मधल्या भोकातून आखूड पाईप काढतो. जिप्सीचं भोक १०८ मिमीचं असतं, म्हणून ९० मिमीचा गोल एलईडी घ्या, रात्री पावसात पंक्चर झाली तर लाइट न खोलता टायर बाहेर येतं. लाइट टायरच्या फुगवट्याच्या आतच राहिला पाहिजे, नाहीतर रिव्हर्सला पहिला तोच फुटेल.

१८ वॉटला दीड अँपिअर लागतो, रिले नको, ५ अँपिअरचा फ्यूज मात्र बॅटरीजवळ हवाच. अर्थची वायर बंपरपर्यंत वेगळी न्या. बेअरिंगमधून अर्थ घेतला तर लाइट लुकलुकतो आणि ठिणग्यांनी बेअरिंगला खड्डे पडतात. पिनेपाशी वायरला सैल वेटोळं ठेवा.

हा लाइट गाडी उभी असतानाच, रस्त्यावर मागे पांढरा उजेड टाकून चालवायचं नाही. टेललाइट आणि नंबर प्लेट टायरमागे झाकली जात नाही ना ते मागून दहा पावलांवर उभं राहून बघा, कारण एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट हलवायची तर तिचे लॉक तोडून नवे बसवून घ्यावे लागतात. मूळ बनावटीत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं, म्हणून वेल्डिंगच्या आधी आरटीओत विचारून या.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर टायर दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवा. टक् असा आवाज आला तर कॅसल नट एक खाच आवळा.