जॅक्सनची हत्या जिवंत देखाव्यात उभी करताना

गणेशोत्सवात नाशिकच्या मंडळांना जॅक्सन प्रकरण घ्यावेसे वाटणे साहजिक आहे. 21 डिसेंबर 1909 च्या रात्री नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर तरुण क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या त्या इथल्याच विजयानंद नाट्यगृहात, आणि तिथे 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. बदली झालेल्या साहेबाचा निरोप असा नाटकाच्या रात्रीच व्हायचा होता. म्हणजे तुमच्या मांडवासमोर उभी राहणारी गर्दी हीच त्या नाट्यगृहातली गर्दी होऊ शकते. एवढी सोय दुसऱ्या कुठल्या विषयात मिळत नाही, आणि बहुतेक देखावे तीच वाया घालवतात. सगळा जोर पिस्तुलावर देतात.

आधी शब्द ठरवा. 'वध' म्हटले की राक्षस आणि देव ठरून जातात, 'खून' म्हटले की आपण कोर्टात जाऊन बसतो. निवेदकाच्या तोंडी 'हत्या' ठेवा. 'वध' हा शब्द कटातल्या तरुणांच्या संवादात येऊ द्या, कारण ती त्यांची भाषा आहे. फलकावर काय लिहायचे यावर कार्यकर्त्यांत वाद होईल. तो संहिता लिहिण्याआधीच मिटवा, ध्वनिमुद्रण झाल्यावर शब्द बदलता येत नाही.

एकूण वेळ 9 मिनिटे धरा. त्यातली साडेपाच मिनिटे आधीची, गोळीबार दहा सेकंद, उरलेली नंतरची. आधीच्या भागात जून 1909 मधली बाबाराव सावरकरांची (विनायक सावरकरांचे थोरले भाऊ) जन्मठेप आलीच पाहिजे, कारण जॅक्सनवरचा राग त्यातूनच आला. कवितांच्या प्रकाशनावरून काळे पाणी झाले, हे कळल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही. त्याच भागात जॅक्सनही माणूस म्हणून दिसला पाहिजे. तो संस्कृतचा जाणकार होता. त्याने जमवलेली लोकसमजुतींची टिपणे त्याच्या मृत्यूनंतर एन्थोवेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने संपादित करून छापली. निवेदनात याला दोन वाक्ये पुरतात. ती काढून टाकली तर समोर नुसते बुजगावणे उरते, आणि बुजगावण्यावर गोळी झाडायला धैर्य लागत नाही.

कान्हेरेंची भूमिका जेमतेम अठरा वर्षांच्या, मिसरूड फुटणाऱ्या मुलाला द्या. तालमीतला तिशीचा गडी त्या जागी उभा केला की निम्मा परिणाम तिथेच जातो. गोळीपूर्वी त्याच्या तोंडी भाषण नको. घोषणा नको, तिरंगा नको, आणि गांधी टोपी तर मुळीच नको, कारण ती आली दहा वर्षांनी. लांब कोट, धोतर, उपरणे, पगडी किंवा काळी टोपी एवढे पुरे.

आता मुख्य तंत्र. जिवंत देखाव्यात संवाद ध्वनिमुद्रित असतात, त्यामुळे गोळीचा आवाज आणि हात यांचा मेळ हीच सगळ्यात वारंवार फसणारी जागा. यावर उपाय संगीतात आहे. मागे नाटकातल्या पदाची संवादिनी-तबल्याची साथ वाजत ठेवा आणि शेवटी तिहाई घ्या, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपवा. समेवर संगीत एकदम थांबते, त्याच क्षणी हात वर, आणि बरोबर एका सेकंदाने, त्या शांततेत, गोळी. पाठ केलेल्या आकड्यापेक्षा तिहाई अंगात लवकर मुरते. मात्र मंडळाचे स्पीकर रस्त्याकडे तोंड करून असतात, कलाकारांना मागे धड ऐकू येत नाही. नेपथ्यामागे एक लहान स्पीकर त्यांच्यासाठी वेगळा लावा. 'संगीत शारदा' लिहिणाऱ्या देवलांची पदे आज कोणीही वापरू शकतो, ते 1916 साली गेले. जुन्या गायकांचे ध्वनिमुद्रण मात्र परवानगीशिवाय उचलू नका, स्थानिक वादकांकडून नवे करून घ्या.

पिस्तूल ब्राउनिंगचे होते, लहान आकाराचे. त्याचा आवाज कोरडा, तुटक असतो. सिनेमातला घुमणारा धमाका लावला की भोवतालची लहान मुले रडतात आणि मागची गर्दी पुढे लोटते. आवाजाची पातळी निवेदनापेक्षा थोडीच वर ठेवा आणि प्रयोगाआधी 'गोळीबाराचा आवाज येईल' अशी घोषणा न चुकता करा. टिकल्या, फटाके, छऱ्याची बंदूक यांतले काहीही मांडवात आणायचे नाही. वर कापड असते, आणि कोऱ्या काडतुसाचा गरम वायूही जवळून इजा करतो. लाकडी किंवा रबरी, नळी बंद असलेली नक्कल वापरा आणि नेम छातीपासून वीतभर बाजूला धरा. समोरून ते कळत नाही. वीज गेली तर? विंगेत एकाच्या हातात दोन फळ्या द्या, प्रत्येकी फूटभर लांब, तीन इंच रुंद, अर्धा इंच जाड, एका टोकाला बिजागरीने जोडलेल्या. जोरात मिटल्या की काम भागते.

रक्तासाठी पातळ रंग नको. रात्रीतून दहा खेळ होतात, शर्ट वाळत नाही. जॅक्सनच्या पांढऱ्या शर्टाला आतल्या बटणपट्टीशेजारी दोन इंचांची उभी चीर द्या, आत खिसा शिवा आणि त्यात नऊ इंच औरसचौरस मलमलीचा तुकडा चुणी करून ठेवा. गोळी लागताच कलाकाराचा हात छातीवर जातो, बोटे टोक पकडतात, मुठीतून कापड झिरपल्यासारखे बाहेर येते. कापड गडद, काळसर लाल घ्या. कुंकवासारखा लाल पिवळ्या दिव्यात केशरी दिसतो. लघुपट करणार असाल तर मात्र पाक लागेल: एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, एकतारीच्या आधी उतरवून गार करायचे, मग एक चमचा खाण्याचा लाल रंग, अर्धा चमचा कोको आणि धुताना डाग सुटावा म्हणून थेंबभर भांड्यांचा साबण. पाक जास्त आटला तर तो शर्टावर ओघळत नाही, गोळा होतो. तीन सारखे शर्ट हाताशी ठेवा. मुंग्या येतात, म्हणून भांडे झाकलेले हवे.

प्रकाश उबदार पिवळा, खालून थोडा जास्त. गोळीबरोबर सगळे लाल करायची सवय सोडा. लाल झोत पडला की प्रेक्षकाला काय वाटून घ्यायचे ते आधीच सांगितले जाते. तीन सेकंद प्रकाश अजिबात हलू देऊ नका. गर्दीला त्या वेळात स्वतःचा श्वास ऐकू येतो.

नंतरच्या भागासाठी चित्रकारांकडून शिकण्यासारखे आहे. 1793 मध्ये दाविद या फ्रेंच चित्रकाराने फ्रेंच राज्यक्रांतीतल्या मारा या पुढाऱ्याची हत्या रंगवली, त्यात मारणारी बाई दिसतच नाही. न्हाणीच्या पिंपातून लोंबणारा हात, दुसऱ्या हातात पत्र, जमिनीवर सुरी, आणि चित्राचा वरचा जवळजवळ अर्धा भाग रिकामा. तुमच्याकडे सुरीच्या जागी उलटलेली खुर्ची आहे. पहिल्या रांगेतली एकच लाकडी खुर्ची पडावी, बाकीच्या सरळ राहाव्यात, पायाखाली नाटकाची जाहिरात तुडवलेली असावी. खुर्ची ढकलून पाडू नका, ती मागे नाचते. मागच्या पायाला दोरा बांधून विंगेतून ओढा.

कान्हेरेंनी स्वतःलाही संपवायचा प्रयत्न केला, पण लोकांनी धरले. ही झटापट चौघांत, तीन पावलांच्या जागेत बसवा. जास्त माणसे आली की तो मुलगा दिसेनासा होतो, आणि या सगळ्यात दिसायला हवा तो त्याचाच चेहरा. मग अंधार, आणि निवेदकाच्या आवाजात फक्त फाशीची तारीख, जागा आणि फाशी गेलेल्यांची तीन नावे: 19 एप्रिल 1910, ठाण्याचा तुरुंग, अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे. मागे संगीत नको. दिवे लागायच्या आत एकाने नक्कल पिस्तूल उचलून पेटीत कुलूपबंद करायचे, आणि दुसऱ्याने मलमल परत चुणी करून खिशात भरायची.