जुनी मोटार लिलावगृहाकडे देण्यापूर्वी: विक्रेत्याने सहीआधी काय तपासावे

मे २०२२ मध्ये स्टुटगार्टला १९५५ सालची मर्सिडीज ३०० एसएलआर कूपे तेरा कोटी पन्नास लाख युरोंना विकली गेली आणि जुन्या मोटारींचा लिलाव म्हणजे पैशांचा पाऊस, असा समज जगभर पक्का झाला. ज्यांच्या गॅरेजमध्ये वडिलांनी किंवा आजोबांनी जपलेली एखादी जॅग्वार, एमजी, ट्रायम्फ किंवा मर्सिडीज उभी आहे, त्यांनी विक्रीचा निर्णय अशा बातम्या वाचून घेऊ नये. लिलावात विक्रेत्याचे जे नुकसान होते, त्यातला मोठा भाग हातोडा पडण्याच्या, म्हणजे शेवटची बोली मान्य होण्याच्या, कितीतरी आधी, करारावर सही करताना ठरून गेलेला असतो. गाडी लिलावगृहाच्या गोदामात पोहोचली की घासाघीस करण्याची विक्रेत्याची ताकद जवळजवळ संपते. म्हणून जे विचारायचे ते किल्ली हातात असेपर्यंतच विचारावे.

हा व्यवसाय प्रामुख्याने ब्रिटन, अमेरिका आणि युरोपात रुजलेला आहे. त्यामुळे पुढील विवेचनात ब्रिटनमधली पद्धत मध्यवर्ती धरली आहे आणि भारतातील मालकांना वेगळे काय पाहावे लागते ते नंतर सांगितले आहे.

हातोड्याची किंमत आणि हातात पडणारी रक्कम

लिलावगृह दोन्ही बाजूंकडून पैसे घेते. विक्रेत्याकडून कमिशन, नोंदणी शुल्क आणि कधी छायाचित्रे व वाहतुकीचा खर्च घेतला जातो, तर खरेदीदाराकडून ‘प्रीमियम’ नावाची टक्केवारी घेतली जाते. प्रीमियम खरेदीदार भरतो, तेव्हा आपला त्याच्याशी संबंध नाही असे विक्रेत्याला वाटते. पण अनुभवी खरेदीदार एकूण किती रक्कम मोजायची हे मनाशी ठरवून येतो आणि प्रीमियम वजा करूनच बोली लावतो. म्हणजे ते पैसे शेवटी गाडीच्या किमतीतूनच जातात.

उदाहरणादाखल धरू की गाडीवर ५६,००० पौंडांना हातोडा पडला. प्रीमियम साडेबारा टक्के असेल तर ते ७,००० पौंड होते, त्यावर २० टक्के व्हॅटचे १,४०० पौंड, म्हणजे खरेदीदार ६४,४०० पौंड मोजतो. विक्रेत्याचे कमिशन पाच टक्के, म्हणजे २,८०० पौंड आणि त्यावरील व्हॅट ५६० पौंड. नोंदणी शुल्क व्हॅटसह ३६० पौंड आणि गाडी ट्रेलरवरून नेण्याचे ४५० पौंड वजा केले की विक्रेत्याच्या खात्यात ५१,८३० पौंड येतात. दोन्ही आकड्यांमधील फरक १२,५७० पौंडांचा आहे. प्रत्येक लिलावगृहाचे दर वेगळे असतात, म्हणून हाच हिशेब त्यांच्या दरांनी कागदावर मांडावा आणि मगच एखाद्या ओळखीच्या संग्राहकाने थेट देऊ केलेल्या किमतीशी त्याची तुलना करावी. पुष्कळदा थेट विक्रीतला कमी वाटणारा आकडाच अधिक फायद्याचा ठरतो.

राखीव किंमत: सर्वाधिक सावधगिरीची जागा

राखीव किंमत म्हणजे जिच्याखाली गाडी विकू नये असे विक्रेत्याने ठरवलेली रक्कम. लिलावगृहाला गाडी मिळवायची असते तेव्हा अंदाजित किंमत उदारपणे सांगितली जाते आणि कॅटलॉग छापून झाल्यावर, लिलावाला चार-सहा दिवस उरलेले असताना, “बाजार जरा थंड आहे, राखीव किंमत थोडी खाली आणू या,” असा फोन येतो. यामागचे गणित मालकाने समजून घ्यावे. दोन्ही बाजूंचे मिळून लिलावगृहाला साडेसतरा टक्के मिळतात असे धरले, तर ६०,००० पौंडांच्या विक्रीत त्याला १०,५०० पौंड आणि ५२,००० पौंडांच्या विक्रीत ९,१०० पौंड मिळतात. किंमत उतरल्याने विक्रेत्याचे ८,००० पौंड गेले, लिलावगृहाचे फक्त १,४०० पौंड गेले. पण गाडी न विकली गेल्यास लिलावगृहाची जवळजवळ सर्व कमाई बुडते. कायद्याच्या भाषेत लिलावगृह हे विक्रेत्याचे प्रतिनिधी असते आणि त्यातली बहुतेक माणसे सचोटीने काम करतात, तरीही त्यांचा ओढा गाडी विकली जाण्याकडे असतो, चांगल्या किमतीला विकली जाण्याकडे तितका नसतो. हे एकदा ध्यानात आले की त्या फोनला शांतपणे नकार देता येतो.

करारात आणखी दोन गोष्टी शोधाव्यात. काही करारांत लिलावकर्त्याला राखीव किमतीच्या दहा टक्के खालीही हातोडा पाडण्याची मुभा दिलेली असते. ती मान्य नसेल तर ते कलम खोडून दोघांनी तेथे सही करावी. दुसरी बाब ‘राखीव किंमत नाही’ या प्रकाराची. अशा लिलावाने गर्दी जमते हे खरे आहे, परंतु दुर्मीळ आणि एकाच वेळी अनेकांना हव्या असलेल्या गाडीखेरीज इतर गाड्यांसाठी हा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही, कारण त्या दिवशी सभागृहात गरजू खरेदीदार एकच असेल तर त्याला अडवणारे काहीही उरत नाही.

न विकलेली गाडी

गाडी विकली गेली नाही तर फार तर घरी परत येईल, ही समजूत अपुरी आहे. निकाल इंटरनेटवर कायमचे राहतात आणि पुढचा प्रत्येक खरेदीदार कोणती बोली नाकारली गेली ते पाहूनच बोलायला येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे आरएम सदबीज या लिलावगृहात १९३९ सालच्या पोर्श टाइप ६४ चे जे झाले, ते या बाबतीत आजही सांगितले जाते. सुमारे दोन कोटी डॉलरची अपेक्षा असलेल्या या गाडीची पहिली बोली एक कोटी तीस लाखांची होती. उच्चार नीट न कळल्यामुळे पडद्यावर तीन कोटी उमटले आणि आकडा सात कोटींपर्यंत चढत गेल्यावर, प्रत्यक्षात बोली एक कोटी सत्तर लाखांचीच आहे, असा खुलासा झाला. सभागृहात हुर्यो उडाली, गाडी विकली गेली नाही आणि चूक मालकाची नसतानाही तिच्या नावाला तो प्रसंग कायमचा चिकटला.

सर्वसाधारण गाडीच्या मालकाने निदान एवढे लेखी घ्यावे: न विकल्यास शुल्क किती, गाडी किती दिवसांत उचलायची, त्यानंतर दररोजचे भाडे किती आणि लिलावानंतर किती काळ लिलावगृहाचा गाडीवर हक्क राहतो. हा शेवटचा मुद्दा अनेकांच्या नजरेतून सुटतो. काही करारांनुसार लिलावानंतरच्या ठरावीक मुदतीत मालकाने स्वतः शोधलेल्या गिऱ्हाइकाला गाडी विकली, तरी कमिशन द्यावे लागते. मन बदलून लिलावाआधी गाडी परत घेतली तर अंदाजित किमतीच्या काही टक्के दंड लागू शकतो, तोही आकडा आधी विचारून ठेवावा.

वर्णन, मालकी आणि नंतर उद्भवणारे दावे

कॅटलॉगमधला मजकूर लिलावगृहातला लेखक लिहितो, पण त्यातल्या माहितीची हमी बहुधा विक्रेत्याने दिलेली असते. गाडीचे मूळ इंजिन आहे, तिने अमुक शर्यतीत भाग घेतला होता किंवा मीटरवरचे अंतर खरे आहे, यांपैकी काही नंतर चुकीचे निघाले तर लिलावगृह आपल्या अटींकडे बोट दाखवते आणि खरेदीदार विक्रेत्याकडे वळतो. म्हणून छपाईपूर्वीचा मसुदा मागून घ्यावा आणि चॅसिस नंबर, इंजिन नंबर व गिअरबॉक्सवरचा नंबर प्रत्यक्ष गाडीवरून, टॉर्च घेऊन, स्वतः वाचून त्याच्याशी ताडून पाहावा. जे कागदाने सिद्ध होत नाही ते ‘कुटुंबाच्या सांगण्यानुसार’ असेच लिहिण्याचा आग्रह धरावा. ब्रिटिश गाड्यांपैकी अनेकांची मूळ कारखाना-नोंद गेडन येथील ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टकडून प्रमाणपत्राच्या रूपात मिळते. ते आधीच मागवावे, म्हणजे नको असलेली बातमी खरेदीदाराच्या आधी आपल्याला कळते.

मालकीचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. ब्रिटनमधले व्ही-फाइव्ह-सी हे नोंदणीपत्र गाडी कोणाच्या ताब्यात नोंदलेली आहे एवढेच दाखवते, मालकी सिद्ध करत नाही, त्यामुळे खरेदीची मूळ पावती किंवा वारशाचे कागद लागतात. २०१४ मध्ये इंग्लंडमधील गुडवुड येथे बॉनहॅम्स या लिलावगृहाने एक कोटी पौंडांहून अधिक किमतीला विकलेल्या १९५४ सालच्या फेरारी ३७५ प्लसची कहाणी याच कारणाने गाजली. ही गाडी अनेक वर्षांपूर्वी अमेरिकेतील ओहायोमधून चोरीला गेली होती आणि पुढे बेल्जियममध्ये पोहोचली होती. तिच्यावर हक्क सांगणाऱ्यांनी आपसांत तडजोड केल्यावर ती लिलावात आली, तरीही विक्रीनंतर मालकीचा वाद पुन्हा उफाळला आणि प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले. घरातल्या भावंडांमध्ये गाडीबद्दल बारीकशी कुरबूर असली तरी ती लिलावानंतर मिटवू, असे म्हणू नये. सर्वांच्या सह्यांचे संमतीपत्र आधी तयार करावे.

भारतातील मालकांसाठी

मुंबईच्या अस्तागुरूसारख्या लिलावगृहांनी अलीकडच्या वर्षांत जुन्या मोटारींचे ऑनलाइन लिलाव केल्यामुळे हा मार्ग इकडेही खुला झाला आहे. येथे १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम ६४ लागू होते. त्यानुसार हातोडा पडल्यावर किंवा तशाच रूढ पद्धतीने लिलावकर्त्याने घोषणा केल्यावर विक्री पूर्ण होते आणि तोपर्यंत बोली मागे घेता येते. विक्रेत्याने बोली लावण्याचा हक्क उघडपणे राखून ठेवला नसेल, तर त्याला स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत बोली लावता येत नाही. खोट्या बोलीने किंमत चढवल्याचे दिसून आले तर खरेदीदार व्यवहार रद्द करू शकतो. “पुतण्याला सांगतो, दोन बोली लावेल,” हा सल्ला कोणी दिला तर तो तिथल्या तिथे नाकारावा.

आपल्याकडील जुन्या गाड्यांची खरी अडचण इंजिनाची असते. पेट्रोल परवडेनासे झाल्यावर मुंबईत आणि इतरत्र कितीतरी मोठ्या अमेरिकन गाड्यांमध्ये पर्किन्सचे किंवा इतर डिझेल इंजिन बसवले गेले. पुढे काहींमध्ये पुन्हा पेट्रोल इंजिन आले, पण आरसी बुकातला नंबर मधल्याच इंजिनाचा राहिला. बॉनेट उघडून इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर शेजारी-शेजारी लिहून पाहावा आणि तफावत असल्यास आरटीओकडून ती दुरुस्त झाल्याशिवाय गाडी कॅटलॉगमध्ये जाऊ देऊ नये. मालकाचे निधन झाले असेल तर फॉर्म ३१ भरून गाडी आधी वारसाच्या नावावर करून घ्यावी. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपातील खासगी गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आणली असून तिची मुदत दहा वर्षांची असते. ती झालेली असल्यास खरेदीदाराच्या बऱ्याच शंका फिटतात. परदेशातील लिलावगृहाने गाडी मागितली, तर मात्र थांबावे. जुन्या मोटारी देशाबाहेर पाठवण्यावर भारतात निर्बंध आहेत आणि विदेश व्यापार महासंचालनालयाचे चालू धोरण लेखी तपासल्याखेरीज कोणत्याही कागदावर सही करू नये.

विमा, पैसे आणि हस्तांतर

गाडी घरातून निघाल्यापासून विकली जाईपर्यंत तिचा विमा कोणाचा, हे एका वाक्यात लिहून घ्यावे, कारण गाडी विक्रीसाठी दुसऱ्याच्या ताब्यात असताना घरच्या पॉलिसीचे संरक्षण अनेकदा लागू होत नाही. विम्याची रक्कम निदान राखीव किमतीइतकी असावी. गाडी सोपवताना चारही बाजूंची, आतली, खालची आणि मीटरची छायाचित्रे तारखेसह काढावीत, स्टेपनी, जॅक व हत्यारांची पिशवी यांची यादी करून पोच घ्यावी आणि जुन्या पावत्यांची फाइल मूळ स्वरूपात न देता तिच्या प्रती द्याव्यात.

विक्रेत्याला पैसे काही आठवड्यांनी मिळतात. त्या काळात ते लिलावगृहाच्या स्वतःच्या खात्यात आहेत की ग्राहकांसाठी वेगळ्या ठेवलेल्या खात्यात, हे विचारायला संकोच करू नये. लंडनचे कॉइज हे १९१९ पासूनचे नाव २०२० मध्ये प्रशासकाच्या हाती गेले. लिलावगृह अशा रीतीने कोलमडले आणि पैसे वेगळे ठेवलेले नसले, तर ज्यांचे पैसे यायचे आहेत अशा इतरांच्या रांगेत विक्रेता जाऊन बसतो. खरेदीदाराने पैसेच भरले नाहीत तर गाडी कोणाकडे राहील आणि पुढची कारवाई कोण करील, हेही करारात स्पष्ट असावे. पूर्ण रक्कम जमा झाल्याची खात्री पटेपर्यंत गाडी आणि मूळ कागद खरेदीदाराला दिले जाणार नाहीत, असे कलम नसेल तर ते घालून घ्यावे.

भारतात पैसे मिळाल्यावर मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० चे काम खरेदीदारावर सोडून मोकळे होऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार त्याच राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जाईल, असा निर्वाळा दिला आहे. नव्या मालकाच्या नावाची आरसी प्रत्यक्ष पाहून तिची प्रत फाइलला लावेपर्यंत पाठपुरावा चालू ठेवावा आणि तोवर आपल्या नावावरची विमा पॉलिसी बंद करू नये.