संगणकावर गाणे वाजवताना आवाज तडतडतो तेव्हा काय करावे

गाणे किंवा व्हिडिओ चालू असताना आवाज तडतडू लागला, की बहुतेक जण आधी साउंड ड्रायव्हर (ध्वनीचे उपकरण विंडोजकडून चालवून घेणारे सॉफ्टवेअर) काढून पुन्हा बसवतात. तो उपाय कधीकधी लागू पडतो. पण दोष वायरीत, फाइलमध्ये किंवा भलत्याच उपकरणाच्या ड्रायव्हरमध्ये असला, तर तासभर जातो आणि तडतड जिथल्या तिथे राहते. म्हणून सेटिंगांना हात लावण्याआधी कानाने निदान करावे. पुढील सूचना विंडोज ११ धरून लिहिल्या आहेत. विंडोज १० मध्ये काही पर्यायांच्या जागा वेगळ्या आहेत, पण क्रम तोच ठेवता येईल.

आधी आवाज ओळखा

नुसते ‘आवाज खराब येतो’ म्हणून काही कळत नाही, आणि मराठीत या बाबतीत शब्दांची चणचण नाही. प्लग हलला की होते ती खरखर. स्वर अखंड चालू असताना मध्येच ‘टक्, टक्’ असे तुटल्यासारखे ऐकू येते ती तडतड. एरवी स्वच्छ असलेला आवाज तबल्याच्या जोरकस थापेवर किंवा गायक तारसप्तकात गेल्यावरच चिरकतो, तो फाटलेला आवाज. गाणे थांबवले तरी मागे चालू राहते ती गुणगुण. या चौघींची कारणे निरनिराळी आहेत.

त्यानंतर इंटरनेटवरून नव्हे, तर संगणकात साठवलेली एक फाइल घ्या आणि तडतड झाली ती वेळ, उदाहरणार्थ २ मिनिटे १४ सेकंद, कागदावर टिपून ठेवा. तीच फाइल दुसऱ्यांदा वाजवल्यावर बरोबर त्याच जागी तडतड झाली आणि मोबाइलवरही तसेच झाले, तर फाइलच बिघडलेली आहे आणि पुढचे काही करण्याची गरज नाही. तडतड दर वेळी जागा बदलत असेल, तर दोष संगणकाकडे किंवा आवाजाच्या वाटेवर आहे.

खरखर आणि फाटलेला आवाज

खरखरीसाठी हेडफोनचा प्लग बोटांनी हळूहळू फिरवून पाहा. फिरवताना आवाज येत-जात असेल, तर प्लग आणि जॅक यांचा संपर्क नीट होत नाही. कोकणातल्या दमट हवेत राहणाऱ्यांना हे नवे नाही. संगणक पूर्ण बंद करून, प्लगवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओलसर कापूस फिरवावा, पाच-दहा मिनिटे वाळू द्यावे आणि मग पुन्हा लावून पाहावे. जॅकमध्ये टाचणी किंवा सुई घालू नये, आतल्या पातळ पत्र्या वाकतात. दुसरा हेडफोन लावूनही खरखर राहिली, तर जॅक बदलावा लागेल आणि ते काम दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावे.

फाटलेल्या आवाजाचा उपाय फुकटचा आहे. संगणकात ध्वनी नमुन्यांच्या, म्हणजे क्षणाक्षणाला मोजलेल्या आकड्यांच्या, रूपात असतो. १६ बिटांच्या ध्वनीत नमुन्याची सर्वांत मोठी किंमत ३२,७६७ असते. त्यापलीकडे आवाज वाढवला की लहरीचे शेंडे सपाट कापले जातात आणि स्वर चिरकतो. व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये आवाज १०० टक्क्यांच्या वर नेता येतो, तो १०० वर किंवा त्याखाली आणा, आणि इक्वलायझर (खर्ज-तार स्वर कमीजास्त करण्याची सोय) चालू असल्यास बंद करा. एवढे करूनही केवळ लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवरच आवाज फाटत असेल आणि हेडफोनवर नाही, तर स्पीकरचा पडदा गेला असे समजावे.

गुणगुण

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर गाणे लावा. गुणगुण थांबली तर कारण अर्थिंगचे आहे. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे ही गुणगुण खर्जातली असते. जुन्या घरांतल्या सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्याला अर्थची तार जोडलेली असतेच असे नाही. वायरमनकडून ते तपासून घ्यावे. डेस्कटॉपवर माउस हलवताना पुढच्या जॅकमध्ये किरकिर होत असेल, तर प्लग मागच्या जॅकला लावून पाहा.

तडतड

सगळ्यांत जास्त डोके खाणारा प्रकार हाच, आणि तो समजण्यासाठी पंगतीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. ध्वनी सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या वेगाने बाहेर पडतो, म्हणजे १० मिलिसेकंदांत ४८० नमुने ‘खाल्ले’ जातात. जेवणारा, म्हणजे साउंड कार्ड, एका ठरावीक गतीने जेवतो आणि पान रिकामे होण्याआधी वाढप्याने, म्हणजे नमुने पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरने, येऊन पुढचे वाढायचे असते. स्वयंपाकघरात भाताची पातेली भरलेली असोत, वाढप्याला वाटेत कोणी क्षणभर अडवून धरले, तरी पान रिकामे राहते. त्या रिकाम्या क्षणाचा आवाज म्हणजे ‘टक्’.

म्हणूनच टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर मोकळा दिसत असूनही तडतड होऊ शकते. आमच्या घरच्या लॅपटॉपवर नाट्यगीते ऐकताना दर काही सेकंदांनी टक् व्हायचे आणि प्रोसेसरचा वापर जेमतेम १० टक्के दिसायचा. मी हेडफोनला दोष देत राहिलो, एक नवा घेतलाही. शेवटी एका संध्याकाळी वाय-फाय बंद केला आणि त्याच क्षणी स्वर स्वच्छ झाला. वाटेत अडवणारा वाय-फायचा ड्रायव्हर होता. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याची नवी आवृत्ती बसवल्यावर प्रश्न सुटला.

तुम्हीही गाणे चालू ठेवून आधी वाय-फाय, मग ब्लूटूथ, मग यूएसबीला जोडलेली उपकरणे एकेक करून बंद करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला हे कळणार नाही. यातून उलगडा झाला नाही, तर कोणता ड्रायव्हर किती वेळ अडवतो ते मोजणारे लॅटन्सीमॉन हे साधन सुरू करून दहा मिनिटे गाणे वाजू द्या आणि ड्रायव्हरांच्या यादीत सर्वाधिक वेळ कोणी घेतला ते पाहा. तिथे ‘एनडीआयएस’ हे नाव वर असेल तर संशय नेटवर्कच्या ड्रायव्हरवर घ्यावा, ‘एसीपीआय’ असेल तर वीज आणि बॅटरीच्या व्यवस्थेवर. दुसऱ्या बाबतीत सेटिंग्जमधला पॉवर मोड तात्पुरता ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर ठेवून पाहावा.

साउंडची सेटिंगे यानंतर तपासावीत. सेटिंग्ज, सिस्टम, साउंड या वाटेने जाऊन तुमच्या स्पीकरच्या नावावर क्लिक करा. तिथे ‘ऑडिओ एनहान्समेंट्स’ बंद करा. आवाज सुधारण्याच्या नावाखाली ही प्रक्रिया मधल्या मध्ये वेळ खाते, आणि माझ्या मते ती मुळातच कोणाला फारशी लागत नाही. ‘फॉरमॅट’मध्ये १,९२,००० हर्ट्झसारखा मोठा आकडा निवडलेला असेल, तर ४८,००० करा. सीडीवरचे संगीत ४४,१०० चे आणि व्हिडिओंचा ध्वनी सहसा ४८,००० चा असतो, त्यामुळे आकडा फुगवून कानाला काही मिळत नाही.

ड्रायव्हरची पाळी आता येते. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा, साउंडच्या गटात आपल्या साउंड कार्डावर राइट क्लिक करून ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडा, आणि इंटरनेटवर शोधण्याऐवजी संगणकातल्या यादीतून निवडण्याचा पर्याय घ्या. त्या यादीत ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ हा मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर असतो. तो लावल्यावर कंपनीच्या इक्वलायझरसारख्या सोयी जातात, पण तडतडही गेली तर दोष कंपनीच्या ड्रायव्हरचा होता हे सिद्ध होते.

ब्लूटूथ हेडफोन असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. ब्लूटूथ आणि बऱ्याच घरांतला वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात चालतात, आणि यूएसबी ३.० च्या उपकरणांतूनही त्या पट्ट्यात गोंगाट सांडतो, हे इंटेलने २०१२ मध्येच नोंदवले आहे. बाहेरची हार्डडिस्क लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा आणि राउटरवर सोय असल्यास लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडा.

यूएसबीचे स्वस्त साउंड कार्ड घेण्याचा सल्ला अनेक जण देतात. बिघडलेल्या जॅकवर तो उत्तम तोडगा आहे, आणि डेस्कटॉपच्या आतल्या किरकिरीवरही बहुधा चालतो. मात्र वाढप्याला वाटेत अडवणारा ड्रायव्हर तसाच असेल, तर नव्या कार्डातूनही टक् ऐकू येणारच, कारण त्या कार्डापर्यंत जाणारे नमुनेही त्याच वाढप्याच्या हातून जातात.