नोकरी गेल्यावर कोकणातल्या जुन्या घराला थाट कसा आणायचा

नोकरी गेली की हात मोकळे होतात आणि डोकं मात्र अडकून बसतं. अशा वेळी घरातली एक खोली सजवायला घ्या, हा माझा मनापासूनचा सल्ला आहे. सगळं घर नको, एकच खोली. काम डोळ्यांना दिसतं, संध्याकाळपर्यंत काहीतरी पुरं होतं, आणि चार माणसं येऊन "छान झालं रे" म्हणतात. नोकरी गेलेल्या माणसाला हे ऐकण्याची किती गरज असते, ते मला माहीत आहे.

मी मुंबईत कपड्यांच्या दुकानांच्या दर्शनी काचा सजवायचो. पुतळ्यांना शालू नेसवायचे, आरसे लावायचे, दिव्याचा झोत नेमका काठावर पडेल असा बसवायचा. मालकांनी दुकानं कमी केली, आमचा विभाग बंद झाला, आणि मी सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या घरात आईकडे आलो. आता इथलीच घरं सजवतो आणि त्यावर घर चालतं.

मी रंगाचा डबा आणला तेव्हा आई म्हणाली होती, "झिला, आधी पोटाचा बघ, मगे भिंतीचा." म्हणून आधी पोटाचं सांगतो.

आधी कागद आणि पैसा

कंपनीतून निघताना अनुभवाचा दाखला, कार्यमुक्तीचं पत्र, शेवटच्या पगारपावत्या आणि फॉर्म 16, म्हणजे पगारातून कापलेल्या कराचा दाखला, हे मागून घ्या. नंतर फोन उचलणारं कोणी राहत नाही. सलग पाच वर्षं नोकरी झाली असेल तर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. हिशोब सोपा आहे: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला 15 ने आणि नोकरीच्या वर्षांनी गुणा, 26 ने भागा. येणारा आकडा स्वतः काढून ठेवा आणि मगच कंपनीने दिलेला आकडा बघा. पीएफला शक्यतो हात लावू नका. पाच वर्षांची सेवा पुरी होण्याआधी तो काढला तर त्यावर करही लागू शकतो. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर ही गोष्ट पगारापेक्षा मोठी आहे. त्याच विमा कंपनीची स्वतःची पॉलिसी करून घेता येते का, हे नोकरी सुटायच्या आधीच विचारा.

सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा: किराणा, वीजबिल, औषधं, हप्ते, मुलांची फी. त्यातला रुपयाही सजावटीला लावायचा नाही. उरलेल्यातून एका खोलीपुरती रक्कम ठरवा आणि ती वेगळ्या पाकिटात ठेवा. पाकीट संपलं की काम थांबवायचं. माझ्या पहिल्या खोलीचं पाकीट आठ हजारांचं होतं आणि त्यातला मोठा भाग वायरमनला गेला. तो खर्च योग्यच होता, त्याबद्दल पुढे सांगतो.

दशावतारातून घेण्यासारखं

ग्लॅमर म्हणजे महाग वस्तूंची गर्दी असं वाटत असेल तर कार्तिकापासून सुरू होणाऱ्या जत्रांमध्ये एखाद्या रात्री दशावतार बघायला जा. देवळाच्या पटांगणात मंडप, मागे एक पडदा आणि मधे एक लाकडी बाकडं. त्या बाकड्याचंच सिंहासन होतं, त्याचाच डोंगर होतो. राजा येतो तेव्हा मुकुटाची आणि छातीवरच्या भरजरी कपड्याची अशी लखलख होते की पहाटेपर्यंत नजर हटत नाही. भोवती अंधार आहे, जागा रिकामी आहे, प्रकाश एका ठिकाणी पडतोय आणि चकाकणारी वस्तू नेमकी तिथेच आहे. मुंबईत आम्ही लाखो रुपये घालून दुकानाच्या काचेत हेच करायचो.

म्हणून पहिलं काम खोली रिकामी करण्याचं. ओटी किंवा माजघर निवडा, जिथे पाहुणा बसतो. कॅलेंडरं, प्लास्टिकची फुलं, जुने सत्काराचे नारळ-शाली, बंद पडलेलं घड्याळ, सगळं बाहेर. आईवडिलांचे फोटो काढताना मात्र घरच्यांना विचारून काढा आणि त्यांना आधीपेक्षा चांगली जागा द्या. रिकाम्या खोलीत एक दिवस नुसतं बसून बघा, ऊन कुठून येतं, कुठपर्यंत सरकतं. हे बघितल्याशिवाय मी कुणाच्या घरात खिळा मारत नाही.

उजेड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कोकणातल्या घराची शोभा बहुतेक वेळा एका ट्यूबलाइटने घालवलेली असते. भिंतीवर उंच लावलेली पांढरी निळसर ट्यूब, वर कौलांखालचा अंधार, खाली सगळ्यांचे चेहरे फिके. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. 6500 म्हणजे तो निळसर पांढरा. तुम्हाला 2700 किंवा फार तर 3000 हवा, समईच्या ज्योतीकडे झुकणारा. पाच-पाच वॉटचे तीन दिवे तीन ठिकाणी लावा, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीच्या आसपास किंवा त्याखाली. ट्यूब काढू नका, आईला तांदूळ निवडायला ती लागते, फक्त तिचं बटण वेगळं ठेवा.

एक दिवा भिंतीच्या अगदी जवळ, प्रकाश भिंतीला घासत जाईल असा लावला की चिऱ्याचं प्रत्येक भोक, प्रत्येक कंगोरा उठून दिसतो. ज्या घरात चिरा उघडा आहे त्याला याहून सुंदर सजावट नाही. अशा भिंतीला टाइल्स लावायचं कोणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा.

दिवसासाठी एक काचेचं कौल बसवा. मंगलोरी कौलाच्या मापाचं काचेचं कौल तालुक्याच्या बाजारात मिळतं. बसायच्या जागेवर मात्र नको, मे महिन्यात त्याखाली बसवत नाही. त्या कवडशाखाली घासलेलं पितळेचं घंगाळ ठेवा. दुपारी पाहुणा दारातच थबकतो.

आता वायरमन. जुन्या घरांतलं वायरिंग पावसाळ्यात ओल धरतं. अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करा आणि इथे पैसे वाचवू नका.

भिंत, पितळ आणि आरसा

आपल्याकडे वर्षाला सुमारे 3000 मिलीमीटर पाऊस पडतो आणि समुद्राची खारी हवा बाराही महिने आहे. शहरातल्या सजावटीच्या व्हिडिओंमधलं निम्मं सामान इथे एका पावसात खराब होतं. चिऱ्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर प्लास्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते आणि श्रावणापर्यंत रंगाचे फुगे येतात. चुना लावा. चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उसळतो आणि डोळ्यात गेला तर फार वाईट इजा होते, म्हणून चष्मा हवाच. काही दिवस भिजू द्या, कपड्याने गाळा, दुधाइतका पातळ करा, गरम पाण्यात विरघळवलेला थोडा डिंक घाला, म्हणजे हाताला पांढरं लागत नाही. भिंत आधी पाण्याने ओली करा आणि पातळ तीन हात द्या. ओला असताना काहीच लावलं नाही असं वाटतं, सुकताना तो पांढरा होत जातो. चिमूटभर नीळ घातली की पांढरा आणखी खुलतो.

एका भिंतीला रंग हवा असेल तर चुन्यात काव, म्हणजे तांबडी माती, मिसळा. तळकोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या देवळांत चुन्यावर कावेची वेलबुट्टी कोरलेली आहे, तोच हा तांबूस मातकट रंग. या भिंतीपुढे पितळ ठेवलं की ते सोन्यासारखं दिसतं. मी गिऱ्हाइकांना सोनेरी वॉलपेपर दाखवतच नाही.

सोनेरी रंगाचंही तसंच. स्वस्त सोनेरी रंगात तांबं-जस्ताची पूड असते, खाऱ्या हवेत ती काळपटते. आरशाची चौकट सोनेरी करायचीच असेल तर अभ्रकाच्या पुडीचा अॅक्रिलिक रंग घ्या. पण आधी माळ्यावर चढा. बहुतेक घरांत तिथे हंडे, तांब्ये, लामणदिवे, पानाचे डबे पडलेले असतात, आणि तेच आपलं सोनं. भिजवलेल्या आमसुलांचा कोळ आणि बारीक चाळलेली राख घ्या, नारळाच्या सोडणाने घासा. आंबट राहिलं की हिरवा थर चढतो, म्हणून भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडं करून उन्हात ठेवा. शोभेच्या भांड्यांना शेवटी खोबरेल तेलाचा अगदी पुसट हात द्या. सगळी भांडी एकदम मांडू नका. एका खोलीत एक मोठं, एक लहान, बस्स. बाकीची पुढच्या सणाला.

आरसा दिव्याच्या समोर किंवा खिडकीच्या बाजूला लावा, म्हणजे एका ज्योतीच्या दोन होतात. बाहेरच्या ओल्या भिंतीवर कधीच नको. मागे बुचाचे तुकडे लावून बोटभर हवा खेळू द्या आणि कडांना पारदर्शक वार्निश लावा, कारण काळे डाग कडेकडूनच शिरतात.

वाशांना वाळवीसाठी काजूच्या टरफलाचं तेल लावायची पद्धत जुनी आणि चांगली आहे, पण ते कातडी भाजतं. हातमोजे घालूनच लावा.

कापड, चित्र आणि वास

फाटलेल्या नऊवारीचे जरीकाठ उशांना लावा. चांगली साडी कापू नका, ती कुणाच्या तरी आठवणीतली असते. जरीच्या कापडात डांबराच्या गोळ्या ठेवू नका, जरीची तार काळी पडते. जुन्या मलमलीत गुंडाळा.

भिंतीवर एकच चित्र लावायचं असेल तर आपल्या जिल्ह्यातलं लावा. सावंतवाडीची गंजिफा आहे, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफाच्या 120 पानांतली तीन-चार गोल पानं काळ्या पार्श्वभूमीवर चौकटीत घातली की ओटी राजवाड्यातली वाटते. सावंतवाडीच्याच चितारआळीत लाखकामाचे पाट आणि डबे मिळतात. कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला आहे, तिथल्या परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. नक्कल छापून लावण्यापेक्षा एक छोटं अस्सल चित्र कलाकाराकडून घ्या. तुमची नोकरी गेली आहे, त्यांच्या हाताला काम हवं आहे, हा व्यवहार मला फार योग्य वाटतो.

वासाला पैसे लागत नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडावर सुरंगीचा वळेसर (गजरा) पितळेच्या वाटीत ठेवा, पावसात सोनचाफा. गणपतीत माटवीला, म्हणजे मूर्तीवरच्या लाकडी चौकटीला, कवंडळांची लाल रानफळं आणि आंब्याच्या डहाळ्या बांधल्या की खोलीला दुसरं काही लागत नाही.

यातून काम कसं मिळतं

खोली झाली की संध्याकाळी, बाहेर थोडा उजेड आणि आत दिवे लागलेले असताना फोटो काढा. फोन छातीच्या उंचीवर, सरळ. आधीचा फोटोही हवाच. तो नसेल तर केलेलं काम दिसत नाही. हे दोन फोटो वाडीतल्या आणि चाकरमान्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर टाका. मुंबईकराला गणपतीआधी घर उघडून, झाडून, सजवून हवं असतं आणि करायला माणूस मिळत नाही. माझी पहिली कामं अशीच आली.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे खोल्या भाड्याने देणारे. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, आणि राज्याच्या पर्यटन खात्याची निवास व न्याहारी योजना आहे, त्यामुळे मालवण-तारकर्लीपासून शिरोड्यापर्यंत घरगुती खोल्या आहेत. बऱ्याच ठिकाणी जेवण उत्तम आणि खोली उदास असते. तिथे जाऊन टीका करू नका. दोन दिवे आणि एक घासलेला हंडा घेऊन जा, संध्याकाळी लावून दाखवा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, आधार क्रमांकावर ऑनलाइन होते आणि ती मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला देऊ नका. मुद्रा योजनेत शिशू गटात 50,000 रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं, पण हातात पाच-सहा कामं आल्याशिवाय ते घेऊ नये असं माझं मत आहे. या धंद्यात सुरुवातीला यंत्र लागत नाही, शिडी आणि ब्रश लागतात.

मजुरी आणि सामान वेगळं लिहा. सामानाची बिलं मालकाच्या हातात द्या, त्यावर नफा चढवू नका, आणि मजुरी मात्र न लाजता पूर्ण सांगा. निम्मे पैसे आगाऊ घ्या. नातेवाइकांकडूनही घ्या, तिथेच जास्त अडकतात. आषाढात चुन्याचं काम घेऊ नका, सुकत नाही. ते दिवाळीनंतर करा, आणि पावसाळ्यात पितळ, उशा, दिवे अशी आतली कामं ठेवा.

पहिल्या भेटीला जाताना पिशवीत मोजपट्टी, वही, 2700 केल्विनचे दोन बल्ब, एक लांब वायरचा होल्डर, हातभर काळं कापड आणि मूठभर आमसुलं घ्या. बोलण्याआधी त्यांच्याच घरातला एक तांब्या मागा, घासा, काळ्या कापडावर ठेवा आणि बाजूला बल्ब लावा. मग दर सांगा.