पिकअपचा मागचा टायर किती भार पेलतो? दुकानात नाही, काट्यावर ठरवा

टायरच्या दुकानात गेलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: "मामा, दहा पीआर चढवा की, बिनघोर राहा." (पीआर हा टायरच्या ताकदीचा आकडा, त्याबद्दल पुढे सांगतो.) मापाबद्दल विचारलं तर म्हणतील, "मापात बसतंय, झालं की." मी हेच ऐकून चार वर्षांपूर्वी फसलो. माझ्या पिकअपला २१५/७५ आर १५ मापाचे टायर लागतात. त्याच मापाचे जीपचे टायर थोडे स्वस्त मिळाले, ते मागे चढवले. पुढच्या पावसाळ्यात कोबी-बटाट्याची पोती घेऊन गोव्याला निघालो, कणकुंबीच्या पुढे एक खड्डा बसला आणि टायरच्या बाजूला नारळाएवढा फुगा आला. भर पावसात अर्धा माल दुसऱ्याच्या गाडीत घालावा लागला.

माप तेच असलं तरी टायर तोच नसतो. मापाच्या पुढे जे आकडा-अक्षर असतं तिकडे बघायचं. माझ्या जीपच्या टायरवर '१०० एस' होतं, पिकअपच्या टायरवर 'एलटी' (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालगाडीचा टायर) आणि '१०६/१०३'. हा भार निर्देशांक, लोड इंडेक्स. तो किलो नव्हे, त्याचा तक्ता ठरलेला असतो: ९८ म्हणजे ७५० किलो, १०० म्हणजे ८००, १०२ म्हणजे ८५०, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०, १०८ म्हणजे १,०००, ११२ म्हणजे १,१२०. हा भार एका टायरचा. तिरप्या रेघेच्या आधीचा आकडा एकेरी चाकासाठी, नंतरचा मागे जोडचाकं असतील तर. आपल्या बहुतेक छोट्या पिकअपला मागे एकेकच चाक असतं, म्हणून पहिलाच आकडा धरा. शेवटचं अक्षर वेगाचं. एस म्हणजे ताशी १८०. आपल्याला त्याची चिंता नाही, जांबोटीच्या रस्त्यावर कोण पळवतंय तेवढं?

आता आपल्याला किती हवा ते काढायचं. आधी आरसी बुक काढा आणि त्यातलं भरलेल्या गाडीचं वजन बघा. ती तुमची कायद्याची मर्यादा, टायर कितीही दणकट घेतला तरी ती वाढत नाही. दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत कंपनीने दिलेलं टायरचं माप आणि निर्देशांक असतो. त्यापेक्षा कमी आकड्याचा टायर घ्यायचाच नाही.

मग नेहमीचा माल भरून गाड्यांच्या वजनकाट्यावर जा. मार्केट यार्डाजवळ काटा असतोच, शेतातून येताना रताळ्यांची पोती घेऊन गेलात तरी चालेल, बेळगावच्या उद्यमबागेतलं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी माल भरून गेलात तर आणखी बरं, कारण थोड्या जागेत वजन दाटतं. ड्रायव्हर, क्लीनर, डिझेल, स्टेपनी, ताडपत्री सगळं गाडीत असू द्या. तीन वजनं घ्या: पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. जमीन सपाट हवी, इंजिन बंद, हँडब्रेक सुटा. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाच्या जवळपास यायला हवं. फार फरक पडला तर परत घ्या.

समजा पूर्ण वजन २,७२० किलो भरलं. चाराने भागलं तर एका चाकावर ६८०. मग ८०० किलोचा टायर सहज पुरतो, असं वाटतं. इथेच लोक चुकतात, मीही चुकलो होतो. मागच्या धुऱ्याचं, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांचं मिळून वजन निघतं १,६४०, पुढच्याचं १,०८०. म्हणजे मागच्या एका चाकावर ८२०, आणि १०० आकड्याचा टायर तिथेच कमी पडला. १०२ चा ८५० पेलतो, पण उरतात फक्त ३० किलो. पोती एका बाजूला सरकली, वळणावर गाडी कलली की तेही संपले. म्हणून काट्यावरच्या आकड्यावर १५ टक्के तरी हात राखून घ्या. १०६ घेतला तर १३० किलो शिल्लक राहतात, म्हणजे साधारण १६ टक्के.

पीआर म्हणजे प्लाय रेटिंग. पूर्वी टायरात सुती कापडाचे थर असत, आठ थर म्हणजे आठ पीआर. आता आत तितके थर नसतात, तेवढी ताकद आहे एवढाच अर्थ. त्यामुळे पीआर विचारा, पण व्यवहार निर्देशांकावर करा. आणि 'जास्त तेवढं चांगलं' हेही खरं नाही. फार कडक टायरची गाडी रिकामी परतताना उड्या मारते, ओल्या रस्त्यावर पकड सुटते.

टायर भार पेलतो तो मुळात आतल्या हवेवर. १०६ चे ९५० किलो हे टायरच्या बाजूवर लिहिलेल्या दाबालाच खरे. आठ पीआरच्या बऱ्याच टायरांवर तो ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असतो. तोच टायर ४५ वर चालवलात तर बाजू वाकत राहते, तापते, आणि मे महिन्यात दुपारच्या ट्रिपेला फाटते. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. गरम टायरची वाढलेली हवा कधी सोडू नका. कंपनी पुढच्या-मागच्या आणि रिकाम्या-भरलेल्या गाडीसाठी वेगळे दाब देते, ते पाळा. ट्यूबलेसला ६५ च्या वर हवा भरायची असेल तर साधा रबरी व्हॉल्व्ह चालत नाही, जास्त दाबाचा बसवून घ्या. रिमलाही भाराची मर्यादा असते, तीही बघा.

पैसे देण्याआधी बाजूवरच्या तारखेचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. एका धुऱ्यावर दोन वेगळ्या निर्देशांकांचे टायर नकोत. आणि स्टेपनीही त्याच आकड्याची घ्या. चोर्ल्याच्या घाटात पंक्चर झाल्यावर जीपची जुनी स्टेपनी चढवली तर उरलेली वाट पुन्हा ८०० किलोच्याच टायरवर काढायची.